पुस्तक दाबू नका, पानाचा बाक मोजा

‘ताप उतरेपर्यंत मुलास दूध देऊं’ इथे ओळ संपत होती. छापणाऱ्याने ती तिथे संपवली नव्हती, स्कॅनमध्ये ती संपत होती. ‘देऊं’च्या अनुस्वारापुढे बोटभर रुंदीची काळी पट्टी होती आणि पट्टीच्या पलीकडे दुसरं पान सुरू होत होतं. पुस्तक घरगुती औषधांचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, जेमतेम १४० पानांचं. त्याचा टंकलिखित मजकूर मूळ पानांशी ताडून पाहायचं काम मी करत होते. टंकलेखकाने तिथे तीन टिंबं दिली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं, दिसत नव्हतं ते तो कुठून आणणार? पण त्या तीन टिंबांच्या जागी ‘नये’ होतं की ‘लागावें’ होतं, यावर त्या वाक्याचा सगळा अर्थ टांगलेला होता.

मराठी वाक्याची ही रीतच आहे. होकार-नकार आपण शेवटाला ठेवतो. नाही, नये, नको, नव्हे, नसे हे सगळे वाक्याच्या शेपटाशी येऊन बसतात आणि आधी बोललेलं सगळं फिरवून टाकतात. उघड्या पुस्तकात डाव्या पानाच्या ओळींची शेपटं बांधणीच्या घळीत जातात आणि उजव्या पानाच्या ओळींची डोकी. घळीतला मजकूर गेला म्हणजे कडेची चार अक्षरं गेली, एवढाच हिशेब कुणी करू नये. डाव्या पानावर कधी कधी त्या चार अक्षरांतच वाक्य असतं.

मी त्या ग्रंथालयात गेले. नाव सांगत नाही, कारण असं काही त्या एकाच ठिकाणी झालेलं नाही आणि तिथली माणसं मनापासून काम करणारी आहेत. ग्रंथपाल बाईंनी कपाटातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढून दिला. तेच पुस्तक होतं, पण त्याला आता पाठ नव्हती. डिजिटायझेशनचं काम घेतलेल्याने ते कटिंग मशीनखाली घालून पाठ कापली होती आणि सुट्या पानांचा गठ्ठा स्वतःहून पान ओढून घेणाऱ्या यंत्रातून काढला होता. त्याआधी कधीतरी पुस्तकाची दुबार बांधणी झाली होती. आपल्या ग्रंथालयांत जशी होते तशी, पानांच्या कडेतून आरपार टाके घालून. त्या टाक्यांनी आतला समास खाल्लाच होता, उरलेला सुरीने खाल्ला आणि सुरीबरोबर ओळींची शेपटं गेली. स्कॅनमध्ये दिसत होती ती काळी पट्टी यंत्राची होती. कागद तिथे नव्हताच. बाई म्हणाल्या, “ताई, स्कॅन झालंय म्हणून आम्ही निश्चिंत होतो.” त्या वाक्याने मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक पैशातून, मग तो शासनाचा असो, विद्यापीठाचा असो की देणगीदारांनी विश्वासाने दिलेला असो, जुन्या मराठी पुस्तकांचं डिजिटायझेशन होत असेल, तर पुस्तक कापायला आणि न सोसणारं पुस्तक काचेखाली दाबायला सरळ मनाई हवी. आणि वाकलेलं पान सरळ करायचं तर ते मोजून सरळ केलं पाहिजे, अंदाजाने नाही. मोजण्याचं साधन आज हाताशी आहे. कॅमेरा आणि पानावर टाकलेल्या उजेडाच्या पट्ट्या, एवढंच ते साधन आहे.

हे कसं चालतं ते आधी सांगते, कारण यात जादू काही नाही आणि ते समजलं की पुढचा मुद्दा आपोआप पटतो.

गज असलेल्या खिडकीतून सकाळचं ऊन जमिनीवर पडतं तेव्हा गजांच्या सावल्या सरळ रेषेत पडतात. तेच ऊन विस्कटलेल्या गोधडीवर पडलं की सावल्या वाकतात. जिथे गोधडी उंचावली तिथे सावली एका बाजूला सरकते, जिथे खळगा पडला तिथे दुसऱ्या बाजूला. खिडकी कुठे आहे आणि आपला डोळा कुठे आहे हे ठाऊक असेल, तर सावली किती सरकली यावरून गोधडी कुठे किती उंच आहे हे काढता येतं. शाळेतल्या भूमितीतला त्रिकोणच आहे हा. एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन माहीत असले की तिसरा बिंदू सापडतो. खिडकीच्या जागी प्रोजेक्टर ठेवायचा, डोळ्याच्या जागी कॅमेरा, आणि गोधडीच्या जागी उघडं पुस्तक.

अडचण एकच येते. शेकडो सारख्या पट्ट्यांमधली ही नेमकी कितवी, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. आधी पानाचा अर्धा भाग उजळायचा आणि अर्धा अंधारात ठेवायचा. मग चार भाग, मग आठ, असं प्रत्येक वेळी पट्ट्या बारीक करत जायचं आणि दर वेळी एक फोटो घ्यायचा. पानावरचा कुठलाही ठिपका घ्या, तो कुठल्या फोटोत उजेडात होता आणि कुठल्या फोटोत अंधारात, याची त्याची स्वतःची एक हजेरी तयार होते. असे दहा फोटो घेतले की १,०२४ उभ्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. प्रत्येक ठिपक्याची पट्टी कळली की त्रिकोण सुटतो, आणि सगळे त्रिकोण सुटले की पानाचा आकार हाती येतो: कुठे फुगलंय, कुठे घळीत उतरलंय, कुठे ओल लागून लाटा आल्यात.

यापुढचं काम कागदाचा स्वभावच सोपं करतो. कागद वाकतो, पण कापडासारखा किंवा रबरासारखा ताणला जात नाही. त्यामुळे वाकलेल्या पानावरच्या दोन अक्षरांतलं कागदावरून मोजलेलं अंतर सपाट पानावर असतं तेवढंच असतं. आकार कळला की संगणकात ते पान उलगडून सपाट करता येतं, आणि तसं करताना अक्षरं काय म्हणतात हे त्याला माहीत असण्याची गरज नसते. तो कागद मोजतो, शाईकडे बघतही नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हाच आहे.

ही कल्पना आजची नाही. लंडनमध्ये ऑक्टोबर १७३१ मध्ये ॲशबर्नहॅम हाऊसला आग लागली आणि रॉबर्ट कॉटन यांनी जमवलेल्या संग्रहातली जुनी इंग्रजी हस्तलिखितं जळाली, आक्रसली, सुरकुतली. चामड्याच्या पानांना आगीने आलेला पीळ कुठल्याही काचेखाली सरळ होण्यासारखा नव्हता. दाबलं असतं तर तुकडे झाले असते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स आणि मायकेल ब्राउन यांनी २००० सालाच्या आसपास या संग्रहाच्या निमित्ताने हाच मार्ग धरला. पानावर प्रकाशाच्या आकृत्या टाकायच्या, पानाचा आकार काढायचा आणि संगणकात ते सपाट करायचं. सील्स पुढे इस्राएलमधल्या एन-गेदी इथे सापडलेल्या, जळून कोळसा झालेल्या प्राचीन गुंडाळीतला मजकूर क्ष-किरणांनी, गुंडाळी न उलगडता वाचण्यासाठी ओळखले गेले. सुरुवात मात्र या वाकलेल्या पानांपासून झाली होती.

गूगलने २००४ च्या अखेरीस ग्रंथालयांमधली पुस्तकं स्कॅन करण्याचा प्रकल्प जाहीर केला. एवढी पुस्तकं इतक्या लवकर ते कशी करतात याचं कोडं बऱ्याच जणांना पडलं होतं. त्याचा एक भाग मार्च २००९ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंट क्रमांक ७५०८९७८ मधून उलगडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची एक आकृती उघड्या पुस्तकावर टाकायची, ती अवरक्त कॅमेऱ्यांनी टिपायची, त्यावरून पानांचा बाक आणि मधली घळ शोधायची आणि नेहमीच्या कॅमेऱ्यांनी घेतलेले फोटो त्यानुसार सपाट करायचे. त्यामुळे पुस्तक काचेखाली दाबावं लागत नाही. पान उलटायला माणूस लागतोच. गूगलच्या स्कॅनमध्ये मधूनच दिसणारी माणसांची बोटं पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. २०१९ मध्ये गूगलने चारशेहून जास्त भाषांमधली चार कोटींहून जास्त पुस्तकं झाल्याचं सांगितलं. टोकियो विद्यापीठातल्या इशिकावा प्रयोगशाळेने तर २०१२ मध्ये मिनिटाला २५० पानं या वेगाने, पानं फडफडत उलटत असतानाच ती टिपणारं यंत्र दाखवलं. तिथेही पानाचा क्षणाक्षणाला बदलणारा आकार ओळखणं हाच कामाचा गाभा होता.

मिनिटाला २५० पानांची आपल्याला गरज नाही. आपली गरज वेगळी आहे, आणि ती मराठी पानावर जितकी ठळक दिसते तितकी इंग्रजीवर दिसत नाही.

सध्या वाकलेलं पान सरळ करण्याची जी सॉफ्टवेअरं सर्रास वापरली जातात, मोबाइलमधली ॲपही त्यातच आली, त्यांतली बहुतेक अंदाजावर चालतात. ती छापलेल्या ओळी शोधतात, ओळी मुळात सरळच असणार असं गृहीत धरतात आणि त्या सरळ होईपर्यंत पान ओढतात. नवी सॉफ्टवेअरं हजारो वाकलेल्या पानांवर शिकवलेली असतात आणि हे पान सपाट असतं तर कसं दिसलं असतं याचा अंदाज बांधतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, त्यामुळे ओळ सापडणं सोपं जातं हे खरं. साध्या, चांगल्या छापलेल्या कादंबरीच्या पानावर हा अंदाज बऱ्यापैकी बसतो. मी स्वतः बिलं आणि पत्रं तशीच टिपते.

पण आपल्या जुन्या छपाईत ओळ सरळच असेल हे गृहीतच धरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मराठीत कितीतरी पोथ्या आणि पुस्तकं शिळाछापावर निघाली. शिळाछाप म्हणजे लेखकूने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून काढलेली छाप. तिथली ओळ लेखकूच्या हाताची असते. ती किंचित चढते, उतरते, समासाशी आली की अक्षरं दाटतात, कधी उरलेला शब्द वर चढवून लिहिलेला असतो. मोडीत तर आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायची रीत होती. ती रेघ जशी ओढली गेली तशीच राहिली पाहिजे, कारण लिहिणाऱ्याची घाई, त्याचं वळण, त्याची सवय तिच्यातच दिसते आणि अक्षर ओळखून कागद कुणाच्या हातचा ते सांगणाऱ्या अभ्यासकाला तेच हवं असतं. अंदाजाने सरळ करणारं सॉफ्टवेअर लेखकूची वाकडी ओळ आणि कागदाचा बाक यांत फरक करू शकत नाही. ते दोन्ही सरळ करून टाकतं. वर तक्ता, कुंडली किंवा चित्र आलं की ओळच नाही म्हणून अडखळतं. पट्ट्यांनी मोजलेल्या पानात कागद तेवढा सपाट होतो आणि लेखकूची ओळ जशी होती तशी वाकडी राहते.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्याकरणातले बरेचसे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत एक टिंब खूप काही सांगतं. ‘घरें’ म्हणजे अनेक घरं. ‘त्यानें’, ‘देऊं’, ‘जेथें’ यांत ते टिंब शब्दाची ओळख आहे. ते टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पान घळीत उतरतं तिथे ते कॅमेऱ्याला तिरपं दिसतं, सावलीत जातं, आणि पिवळ्या कागदावरच्या डागासारखं दिसायला लागतं. पानाचा आकार मोजलेला असेल तर कुठे कागद किती तिरपा आहे हे कळतं, आणि त्या तिरपेपणामुळे तिथे उजेड किती कमी पोचला याचाही हिशेब करता येतो. मग घळीतली सावली काढून टाकताना टिंब काढून टाकलं जात नाही.

इथे एक जुनी आठवण द्यायला हवी. या शतकाच्या सुरुवातीला भारतात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चं फार मोठं काम झालं. संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या ‘मिलियन बुक’ कल्पनेतून आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने लाखो भारतीय पुस्तकं टिपली गेली. मराठी पुस्तकंही त्यात आली. त्यातली कितीतरी मी त्यामुळेच वाचू शकले आणि त्याबद्दल मला आयुष्यभर कृतज्ञता वाटेल. पण त्या काळी साठवण महाग होती, म्हणून पानं इंचाला ६०० ठिपके पण निव्वळ काळी-पांढरी अशी जतन करण्याचा दंडक होता. ठिपका एकतर काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही, मग घळीतल्या सावलीत अनुस्वाराचं टिंब वेगळं उरत नाही. आज साठवणीचा तो प्रश्न उरलेला नाही. तेव्हाच्या परिस्थितीत झालेलं काम मला समजतं. आज तेच दंडक पुढे चालवणं मला समजत नाही.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा. मी हे घरी करून पाहिलं, म्हणून ठामपणे बोलते.

त्या औषधांच्या पुस्तकाची दुसरी प्रत मला पुण्यात, नदीकाठच्या एका जुन्या वाड्यातल्या कुटुंबाकडे सापडली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती प्रत पाण्यात गेली होती आणि आजोबांनी ती एक एक पान सुटं करत सावलीत वाळवली होती. पाण्यातून निघून वाळलेलं पुस्तक ज्याने हातात धरलंय त्याला ठाऊक आहे, ते पुन्हा कधीच मिटत नाही. पानांना लाटा आलेल्या असतात, कडा मातकट, आणि पान वाकवलं की करकरतं. काचेखाली घालायचा विचारही मनात आला नाही. कुटुंबाने पुस्तक माझ्याकडे आठ दिवस राहू दिलं, तेही आजींनी देवघराजवळच्या कपाटातून स्वतः काढून, जुन्या सुती साडीत गुंडाळून.

पोथी वाचायला वापरतात ती लाकडी घडीची चौकट मी घेतली, तिला मऊ कापड लावलं आणि पुस्तक काटकोनाहून जरासंच जास्त उघडेल एवढंच ठेवलं. शेजारी भाच्याने आणलेला एक छोटा प्रोजेक्टर आणि तिवईवर त्याचाच २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा. आधी बुद्धिबळाच्या पटासारखी घरं छापलेला कागद वेगवेगळ्या कोनांत धरून त्याचे फोटो काढले. त्यावरून कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकमेकांपासून कुठे आहेत हे संगणक काढतो. सॉफ्टवेअर फुकट मिळणारं, ओपनसीव्ही. त्यात या पट्ट्या तयार करण्याची आणि वाचण्याची सोय आहे. पान सपाट करण्याचा भाग भाच्याने तीन रात्री जागून लिहिला. प्रत्येक पानाला पट्ट्यांचे फोटो आणि एक स्वच्छ उजेडातला फोटो, मग पान उलटायचं. बोटांनी नाही, बांधणी करणारे घडी दाबायला वापरतात त्या हाडाच्या पट्टीने, अगदी हळू. आधी सगळी उजवी पानं, मग चौकट फिरवून सगळी डावी. पाच संध्याकाळी लागल्या.

यात एक गोष्ट कष्टाने शिकले ती सांगते. उजेड कागदातून आरपार जात नाही. कॅमेऱ्याला जे दिसतच नाही ते कुठल्याही पट्ट्या दाखवू शकत नाहीत. पहिल्या संध्याकाळी मी वरून दोन्ही पानं एकदम टिपली होती. घळीतली अक्षरं दिसत होती, पण इतकी तिरपी की सपाट केल्यावर ती नुसती ताणल्यासारखी, पुसट झाली. कॅमेरा एकेका पानासमोर आणल्यावर मगच ती खरी उतरली. गुळगुळीत आर्ट पेपरवर पट्ट्यांची चकाकी उठते आणि मोजणी बिघडते, हेही खरं. आपला जुना कागद खरबरीत आणि मंद आहे, त्याला हे तंत्र जणू शोभून दिसतं.

चौथ्या संध्याकाळी ते पान आलं. संगणकात लाटा हळूहळू बसल्या, ओळी आपापल्या जागी आल्या आणि समासाच्या कडेला, टाक्याच्या भोकाला अगदी खेटून, दोन अक्षरं उभी राहिली. ‘ताप उतरेपर्यंत मुलास दूध देऊं नये.’ आजच्या डॉक्टरला हा सल्ला पटणार नाही. पण त्या काळी घराघरांत काय सांगितलं जात होतं, तापलेलं मूल उपाशी का ठेवलं जात होतं, हे ज्याला शोधायचंय त्याच्यासाठी ‘नये’ हाच पुरावा आहे. तो पुराच्या पाण्यातून वाचला होता. कोरड्या कपाटात ठेवलेल्या प्रतीतून तो सुरीने गेला होता.

तर खर्चाबद्दल. कॅमेरा, लहान प्रोजेक्टर, तिवई, लाकडी चौकट यांत कुठलीच गोष्ट दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते हे सगळं एकत्र बसवून देणारं, मराठीतून सूचना असलेलं, तालुक्याच्या ग्रंथालयातल्या माणसाला चालवता येईल असं सॉफ्टवेअर. ते एकदा करायचं काम आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचे विषय शोधत असतात. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने एखाद्या महाविद्यालयाला सोबत घेऊन हे करून घ्यावं आणि खुलं ठेवावं, म्हणजे रत्नागिरी, सोलापूर, नागपूर, पणजी, तंजावर जिथे जिथे मराठी कागद आहे तिथे ते वापरता येईल.

साठवणीचा आक्षेपही येतो. डेमी आकाराच्या एका पानाचा कच्चा फोटो तीसेक एमबीचा धरला तर ३०० पानांच्या पुस्तकाला नऊ जीबी लागतात. पट्ट्यांचे फोटो लहान करून ठेवता येतात, आणि त्यावरून काढलेला पानाचा आकार तर त्याहून कितीतरी कमी जागेत मावतो. चार टीबीच्या डिस्कवर सरासरी एवढ्या जाडीची तीनशेहून जास्त पुस्तकं बसतील. डिस्क दोन घ्याव्या आणि दोन गावांत ठेवाव्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापुराचं पाणी ग्रंथालयात शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. दोन गावं म्हणते ती त्यासाठी.

सगळ्यात वजनदार आक्षेप जाणकारांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. जगातली मोठी ग्रंथालयं आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पाळण्यात पुस्तक ठेवतात, वरून त्याच आकाराची काच अलगद टेकवतात आणि दोन कॅमेऱ्यांनी दोन पानं टिपतात. पान सपाटच असतं, मोजायची गरजच पडत नाही. धड बांधणीचं, सुदृढ पुस्तक असेल तर मीही तेच सुचवेन. ते सोपं आहे, लवकर होतं आणि चांगलं होतं. पण विसाव्या शतकातली आपली बहुसंख्य पुस्तकं लाकडाच्या लगद्याच्या, आम्ल धरलेल्या कागदावर आहेत. पिवळी पडून त्यांची पानं कोपऱ्यातून बिस्किटासारखी तुटतात. वर दुबार बांधणीने घळ इतकी घट्ट झालेली असते की काच तळापर्यंत पोचतच नाही. जिथे काच पोचते तिथे काच वापरा. जिथे पोचत नाही तिथे आज सुरी पोचते आहे, माझं भांडण तिच्याशी आहे.

आणि ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं आपोआप सरळ करेल’ असं म्हणणाऱ्यांना मला मनापासून सांगावंसं वाटतं की अशी यंत्रणा न दिसलेलं अक्षरही भरू शकते. ‘देऊं’ नंतर ‘नये’ येतं की ‘लागावें’, यावर तिचंही काहीतरी मत असेल आणि ते ठाशीव काळ्या टंकात छापलेलं दिसेल. मग ते मूळ पानावर होतं की नव्हतं हे पुढच्या वाचकाला कधीच कळणार नाही. माझ्या टंकलेखकाची तीन टिंबं त्यापेक्षा शतपट प्रामाणिक होती.

म्हणून करारात काय लिहिलं जातं याकडे बघायला हवं. डिजिटायझेशनची कामं बहुधा पानामागे दर ठरवून दिली जातात. पानामागे दर मिळतो तेव्हा कापलेलं पुस्तक सगळ्यात फायद्याचं ठरतं, आणि काम घेणाऱ्याला दोष देऊन त्यात काही बदलत नाही. दर पुस्तकाच्या अवस्थेप्रमाणे ठरला पाहिजे. नाजूक पुस्तकाचं पान सुदृढ पुस्तकाच्या पानाहून महाग असलंच पाहिजे आणि पान उलटणाऱ्या माणसाला दिवसाचं वेतन मिळालं पाहिजे, पानांचं नाही. झालेलं काम ताब्यात घेताना ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसतं का, हे दर पुस्तकातली काही पानं काढून ग्रंथालयाच्याच माणसाने मूळ प्रतीशी ताडावं आणि मगच बिल मंजूर व्हावं. सपाट केलेल्या पानाबरोबर कच्चा फोटो आणि पानाचा मोजलेला आकारही ग्रंथालयाच्या ताब्यात यावा. सपाट केलेलं पान हा आजच्या हिशेबाने काढलेला निष्कर्ष आहे. उद्या कुणाला तो हिशेब नव्याने मांडावासा वाटला तर त्याच्यापाशी मोजमापं हवीत.

कायदा यात आडवा येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर ते जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू शकतं. आणि लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं सगळं साहित्य २०११ पासून कुणालाही छापता, वाचता, जालावर ठेवता येतं. अशा पुस्तकांची चांगली टिपलेली पानं कुलूपबंद ठेवण्याला काहीच आधार नाही. ती विकिस्रोतासारख्या, वाचकांनीच चालवलेल्या जालावरच्या मुक्त ग्रंथालयात आली तर माझ्यासारखे शेकडो जण ती फुकट तपासून देतील, आणि आनंदाने देतील.

ते पुस्तक मी आठव्या दिवशी परत नेऊन दिलं, त्याच साडीत गुंडाळून. आजींना पडद्यावर ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “आमच्या सासूबाई हेच सांगायच्या.” मग त्यांनी कपाटातून आणखी तीन पुस्तकं काढली, तशीच लाटा आलेली, आणि मला विचारलं, “ही कधी नेतेस?”

ग्रंथालयात बाईंच्या टेबलावर पुढच्या खेपेला पाठवायच्या पुस्तकांची यादी तयार आहे. ती पुस्तकं निघण्याआधी करारात एक ओळ वाढवा, असं लेखी पत्र मी त्यांच्या कार्यकारी मंडळाला दिलं आहे: ‘पुस्तक कापू नये.’ मंडळाची बैठक या महिन्याच्या अखेरीस आहे.